घराचा कठडा : स्टेनलेस स्टीलच्या केबल रेलिंगची निवड

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्यांनी घर बांधले आहे त्यांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. जोते, स्लॅब, भिंती, गिलावा, फरशी असे टप्पे ओलांडत बांधकाम पुढे सरकते आणि त्या त्या टप्प्यानुसार गृहकर्जाची रक्कम वितरित होत जाते. या क्रमात गॅलरीचा, जिन्याचा आणि गच्चीचा कठडा अगदी शेवटी येतो. तोपर्यंत बहुतेकांचे अंदाजपत्रक ओलांडलेले असते, हातची शिल्लक आटलेली असते आणि वास्तुशांतीचा मुहूर्तही ठरलेला असतो. अशा घाईत फॅब्रिकेटरने सांगितलेला ‘रनिंग फुटाचा’ दर तेवढा विचारला जातो, थोडीफार घासाघीस होते आणि काम दिले जाते. पाइप चकचकीत दिसला की ग्राहक समाधानी होतो.

वस्तुतः कठडा ही शोभेची वस्तू नसून भार पेलणारी वस्तू आहे. भिंतीचा रंग मनासारखा उतरला नाही तर मन खट्टू होते, एवढेच. कठडा कच्चा निघाला तर जिवावर बेतते. वृद्ध माणसे जिना चढताना त्याचा आधार घेतात, मुले त्याला लोंबकळतात, समारंभाच्या दिवशी पाचसहा माणसे एकाच वेळी त्यावर रेलतात. म्हणून त्याची निवड करताना चार प्रश्नांची उत्तरे मिळवणे आवश्यक ठरते. धातू कोणता? तो कोणत्या हवेत उभा राहणार? त्याच्याजवळ कोण वावरणार? आणि तो कशात रोवला जाणार? दराचा विचार या चार प्रश्नांनंतर करावा.

अलीकडे बंगले, रो-हाउस आणि बागा यांतून स्टेनलेस स्टीलच्या केबल रेलिंगचा वापर वाढत आहे. दोन खांबांमध्ये आडव्या ताणलेल्या बारीक तारदोरांचा हा कठडा दृष्टीला जवळजवळ अडथळा करीत नाही. समोरची दरी, समुद्र किंवा बागेतील हिरवळ मोकळी दिसते. मात्र नेहमीच्या पाइपच्या कठड्यापेक्षा याची रचना वेगळी असते आणि त्यातील उणिवाही वेगळ्या असतात. प्रस्तुत लेखात त्याच दृष्टीने या विषयाची मांडणी केली आहे.

स्टेनलेस स्टील गंजत का नाही?

साध्या लोखंडाला हवा आणि ओलावा लागला की गंज चढतो. हा गंज सच्छिद्र असल्याने आतील धातूचे रक्षण करीत नाही आणि लोखंड झिजतच जाते. लोखंडात किमान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळले, की चित्र पालटते. क्रोमियमचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन पृष्ठभागावर अत्यंत पातळ, पारदर्शक आणि घट्ट असा थर तयार होतो. त्यावर ओरखडा पडला तरी प्राणवायू मिळताच तो पुन्हा भरून येतो. स्टेनलेस स्टीलचे सारे सामर्थ्य या अदृश्य थरात आहे.

या धातूचा शोध गेल्या शतकाच्या आरंभीचा. जर्मनीतील क्रुप कारखान्यात १९१२ च्या सुमारास आणि इंग्लंडमधील शेफिल्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांच्याकडून १९१३ मध्ये या प्रकारच्या पोलादांवर काम झाले. न्यूयॉर्कमधील १९३० मध्ये पूर्ण झालेल्या क्रायस्लर इमारतीचे शिखर १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेल्या अशाच पोलादाच्या पत्र्याने मढवलेले आहे आणि ते आजही चकाकते. योग्य जातीचा धातू योग्य ठिकाणी वापरला तर तो किती टिकतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

तथापि ‘स्टेनलेस’ या शब्दाचा अर्थ ‘डाग कमी पडणारे’ असा घ्यावा, ‘डाग कधीच न पडणारे’ असा घेऊ नये. संरक्षक थराचा मोठा शत्रू म्हणजे क्लोराइड. समुद्राच्या खाऱ्या हवेत, विरंजक चूर्णात, काही खतांत आणि फरशी धुण्याच्या आम्लात ते असते. क्लोराइड साचून राहिले की थराला बारीक छिद्रे पडतात आणि तेथून गंज सुरू होतो.

२०२, ३०४ आणि ३१६ : नावे नव्हे, गुणधर्म

कठड्यांसाठी बाजारात प्रामुख्याने तीन जाती आढळतात.

३०४ ही सर्वाधिक प्रचलित जात. तिच्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. घरातील चांगल्या प्रतीच्या भांड्यांवर ‘१८/८’ असे कोरलेले दिसते, ते याच प्रमाणाचे निदर्शक आहे.

३१६ या जातीत निकेलचे प्रमाण थोडे अधिक असते आणि शिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम मिसळलेले असते. या धातूमुळे क्लोराइडला तोंड देण्याची क्षमता बरीच वाढते. म्हणूनच बोटींवरील सामान, किनारपट्टीवरील बांधकाम आणि रासायनिक कारखान्यांतील उपकरणे यांसाठी ३१६ पसंत केले जाते.

२०२ या जातीत महाग निकेल कमी करून त्याऐवजी मँगेनीज घातलेले असते. निकेल ४ ते ६ टक्के, मँगेनीज साडेसात ते दहा टक्के. २०० मालिकेतील याहूनही कमी निकेलच्या काही जाती आपल्याकडे प्रचलित आहेत. ताकदीच्या दृष्टीने २०२ कमी नाही. उलट ते थोडे कणखरच असते. उणीव आहे ती गंजरोधक शक्तीत. भारताला लागणारे निकेल मुख्यतः आयात करावे लागते आणि त्याच्या दरात मोठे चढउतार होतात. मार्च २०२२ मध्ये लंडनच्या धातू बाजारात निकेलचा दर काही काळ टनाला एक लाख डॉलरच्या वर गेल्याने व्यवहारच थांबवावे लागले होते. अशा परिस्थितीत स्वस्त पर्यायाकडे कल वाढणे स्वाभाविक आहे. २०२ विकणे हा गैरप्रकार नव्हे. २०२ देऊन ३०४ चे पैसे घेणे हा मात्र निश्चितच गैरप्रकार आहे.

येथे एका प्रचलित गैरसमजाचा उल्लेख आवश्यक आहे. दुकानात लोहचुंबक लावून दाखवले जाते आणि ‘चिकटत नाही, म्हणजे अस्सल ३०४’ असे सांगितले जाते. ही कसोटी निरुपयोगी आहे. २०२ ला देखील लोहचुंबक चिकटत नाही. उलट ३०४ चा पाइप वाकवला किंवा त्यावर थंड अवस्थेत काम केले, तर तो किंचित चुंबकीय होऊ शकतो. म्हणजे या कसोटीवर खरा माल नापास आणि हलका माल पास होण्याचा संभव असतो. नवेपणी तिन्ही जाती डोळ्यांना सारख्याच दिसतात. फरक कळतो तो एकदोन पावसाळ्यांनंतर, आणि तेव्हा पैसे देऊन झालेले असतात.

खात्रीचे मार्ग दोन. पहिला, उत्पादकाचे चाचणी प्रमाणपत्र मागणे. त्यात त्या मालातील क्रोमियम, निकेल, मँगेनीज, मॉलिब्डेनम यांची टक्केवारी दिलेली असते. पाइपवरील छाप आणि प्रमाणपत्रावरील क्रमांक जुळतो का, हेही पाहावे. दुसरा, शंका असल्यास धातूची क्ष-किरण उपकरणाने तपासणी करून घेणे. धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळांत ही सोय असते आणि छोट्या तुकड्यावरून किंवा पाइप न कापताही तपासणी होते. मोठ्या कामात हा खर्च क्षुल्लक ठरतो. शहरांतील अनेक व्यापाऱ्यांकडे मँगेनीज ओळखणारे रासायनिक द्रावण असते. त्याच्या थेंबाने प्राथमिक अंदाज येतो, पण अंतिम निर्णय त्यावर सोपवू नये.

हवा कोणती, यावर जात ठरते

मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, मालवण, पणजी, कारवार, कोची, चेन्नई, विशाखापट्टणम, पुरी या सर्व ठिकाणच्या घरांत एक गोष्ट समान आहे. येथील वाऱ्यात मीठ असते. समुद्रापासून सुमारे पाच किलोमीटरच्या पट्ट्यात स्टेनलेस स्टीलवर तपकिरी डाग पडण्याचा धोका विशेष असतो. कपाबाहेर सांडलेल्या चहासारखे दिसत असल्यामुळे ऑस्ट्रेलियातील तंत्रज्ञ त्यांना ‘चहाचे डाग’ असेच म्हणतात. वाऱ्याची दिशा आणि लाटांचा जोर यांवर हा पट्टा कमीअधिक होतो. या भागात बाहेरील कठड्यासाठी ३१६ हाच योग्य पर्याय होय. तेथे ३०४ वापरल्यास डाग पडणार हे गृहीत धरावे आणि २०२ टाळावेच.

आश्चर्याची बाब अशी, की उघड्यावरच्या कठड्यापेक्षा छपराखालचा कठडा किनाऱ्यावर अधिक लवकर डागाळतो. पाऊस उघड्या कठड्यावरील मीठ धुऊन नेतो. पागोळीच्या आतील बाजूस पाऊस पोहोचत नाही, मीठ मात्र पोहोचते आणि साचत राहते. म्हणून ‘गॅलरीवर छप्पर आहे, स्वस्त पाइप चालेल’ हा युक्तिवाद किनारपट्टीवर उलटा पडतो.

पृष्ठभागाचे पॉलिशही महत्त्वाचे आहे. आरशासारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर मीठ आणि धूळ कमी टिकते. मॅट म्हणजे रेघांच्या पॉलिशमध्ये रेघा खडबडीत असतील तर त्यांत क्षार अडकतो. मॅट पॉलिशच हवे असेल तर ते बारीक असावे आणि खांबावर त्याच्या रेघा उभ्या असाव्यात, म्हणजे पावसाचे पाणी सहज ओघळून जाते.

पुणे, नाशिक, नागपूर, इंदूर, बडोदा, हैदराबाद अशा समुद्रापासून दूरच्या शहरांत बाहेरील कठड्यासाठी ३०४ पुरेसे असते. रासायनिक कारखान्यांचा शेजार असेल तर मात्र ३१६ चा विचार करावा. घरातील बंदिस्त, कोरड्या जिन्यासाठी अशा शहरांत २०२ सुद्धा चालू शकते. नागपूरमधील बंद जिन्याला ३१६ बसवणे हा पैशाचा अपव्ययच ठरेल. सर्वांत महाग ते सर्वांत योग्य, असे नाही.

बागेतील कठड्याला आणखी काही गोष्टींना तोंड द्यावे लागते. म्युरिएट ऑफ पोटॅश हे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइडच होय. ते खांबाच्या बुंध्याशी साचू देऊ नये. विंधनविहिरीच्या जड पाण्याचे तुषार रोज उडत असतील तर पांढरे थर चढतात. खांब थेट मातीत न पुरता काँक्रीटच्या चौथऱ्यावर, मातीपासून थोडा वर घ्यावा. केबलवर वेल चढवणे दिसायला सुंदर असले, तरी दाट वेलीखाली ओलावा अडकतो आणि वाऱ्यात वेलीचा सारा भार केबलवर येतो.

केबलची जडणघडण

तारदोर हे मूळचे खाणीतले साधन. जर्मनीतील हार्त्स पर्वतातील खाणींत विल्हेल्म आल्बर्ट यांनी १८३४ मध्ये लोखंडी तारांचा पीळ घातलेला दोर वापरात आणला. पुढे तो पूल, पाळणे आणि शिडाची जहाजे यांत पोहोचला. आजच्या केबल रेलिंगचे सुटे भाग बरेचसे शिडाच्या नौकांवरील सामानासारखेच असतात.

केबल अनेक प्रकारे वळली जाते. ‘१ × १९’ या रचनेत मधल्या तारेभोवती सहा आणि त्यांभोवती बारा अशा एकोणीस तारांचा एकच पीळ असतो. ती ताठ असते आणि ताणाखाली फारशी लांबत नाही. ‘७ × ७’ आणि ‘७ × १९’ या रचना लवचिक असतात. कप्पीवरून फिरणाऱ्या दोरासाठी त्या योग्य. सरळ ताणायच्या कठड्यासाठी ‘१ × १९’ हीच निवड योग्य ठरते. लवचिक केबल स्वस्त मिळाली तरी ती ढिली पडत राहते.

जाडी साधारणतः ३ ते ५ मिलिमीटर असते. ४ मिलिमीटरच्या चांगल्या केबलची तुटण्याची मर्यादा एक टनाहून अधिक असते. त्यामुळे केबल तुटेल अशी भीती सहसा नसते. काळजी घ्यायची ती गंजाची. ४ मिलिमीटरच्या १ × १९ केबलमधील प्रत्येक तार जेमतेम ०.८ मिलिमीटर जाडीची असते आणि तारांमधील फटींत मीठ व ओलावा दडून बसतो. जाड खांबावर जो डाग केवळ दिसायला वाईट, तोच बारीक तारेत धोक्याचा ठरू शकतो. या कारणास्तव खांब ३०४ चे असले, तरी बाहेरील कामात केबल आणि तिची टोके ३१६ चीच घ्यावीत.

ताण कोण सहन करतो?

केबल रेलिंग घेताना हा मुद्दा हमखास दुर्लक्षित राहतो. पाइपच्या कठड्यात आडवे पाइप खांबांना जोडलेले असतात. ते खांबाला आत ओढत नाहीत. केबल मात्र ताणलेली असते आणि तिचा ताण अहोरात्र टोकाच्या खांबांना ओढत राहतो. हिशोब सोपा आहे. एका केबलला सुमारे १०० किलो वजनाइतका ताण दिला आणि एक मीटर उंचीत अकरा केबल बसवल्या, तर टोकाच्या खांबावर ११०० किलोचा, म्हणजे एक टनाहून अधिक ओढ येते. पातळ पाइपचा खांब या ओढीने आत वाकतो. तो वाकला की पहिल्यांदा ताणलेल्या केबल ढिल्या पडतात. त्या पुन्हा आवळल्या की खांब आणखी वाकतो.

यावर उपाय दोन. टोकाचे आणि कोपऱ्यातील खांब मधल्या खांबांपेक्षा जाड व भक्कम असावेत. वरचा हातकठडा टोकापासून टोकापर्यंत अखंड आणि खांबांना घट्ट जोडलेला असावा, म्हणजे तो खांबांना एकमेकांकडे झुकू देत नाही. मधल्या खांबांतील अंतर १.२ मीटरहून अधिक नसावे. केबल आवळताना मधल्यापासून सुरुवात करून आळीपाळीने वर आणि खाली जावे, म्हणजे ताण समान राहतो.

ऊन-पावसाचाही परिणाम होतो. स्टेनलेस स्टील तापले की बऱ्यापैकी प्रसरण पावते. सहा मीटर लांबीच्या केबलचे तापमान ३० अंशांनी वाढले तर तिची लांबी सुमारे ३ मिलिमीटरने वाढते. विदर्भातील मे महिन्याच्या दुपारी केबल थोडी ढिली वाटते, ती यामुळे. म्हणून प्रत्येक केबलच्या एका टोकाला ताण कमीजास्त करणारा आटेदार जोड असणे अनिवार्य आहे. बसवल्यानंतर काही आठवड्यांनी एकदा आणि पुढे वर्षातून एकदा ताण तपासावा.

उंची, फट आणि लहान मुले

गच्ची, गॅलरी यांच्या कठड्याची उंची तयार फरशीपासून सुमारे १ मीटर ते १.२ मीटर असावी, अशी आपल्याकडील इमारत नियमांची साधारण अपेक्षा असते. नेमका आकडा स्थानिक नगरपालिका किंवा नगररचना कार्यालयाच्या नियमांत पाहावा. फरशीवर फरशी चढवली की उंची घटते, हे लक्षात ठेवावे. भाराविषयी भारतीय मानक ८७५, भाग २ मार्गदर्शक आहे. त्यात सर्वसाधारण गॅलरी व गच्चीच्या कठड्याने प्रति मीटर ०.७५ किलोन्यूटन, म्हणजे अंदाजे ७५ किलो वजनाइतका आडवा रेटा सहन करावा असे गृहीत धरले आहे. सभास्थानांसाठी हाच आकडा २.२५ किलोन्यूटन आहे.

दोन केबलमधून लहान मुलाचे डोके जाऊ नये, यासाठी १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा पार होऊ नये हा दंडक अमेरिका, इंग्लंड आदी देशांत रूढ आहे. केबल लवचिक असल्याने ती हाताने फाकवता येते. म्हणून दोन केबलमधील अंतर १०० नव्हे, तर ७५ ते ८० मिलिमीटर ठेवावे लागते. खर्च वाचवण्यासाठी केबलची संख्या कमी करून हे अंतर १५० मिलिमीटर ठेवलेले कठडे आढळतात. लहान मुलांच्या घरात असा कठडा असणे घातक आहे.

याहून गंभीर प्रश्न चढण्याचा आहे. आडव्या केबल मुलांना शिडीसारख्या वाटतात. इंग्लंडच्या इमारत नियमांच्या ‘के’ मार्गदर्शक दस्तऐवजात पाच वर्षांखालील मुले असू शकतील अशा ठिकाणी कठडा सहज चढता येण्याजोगा नसावा, असे स्पष्टपणे सुचवले आहे. आडव्या केबलची ही अंगभूत मर्यादा आहे आणि ती कितीही चांगल्या धातूने दूर होत नाही. म्हणून घरात लहान मुले असतील किंवा नातवंडांचे येणेजाणे असेल, तर वरच्या मजल्यावरील गॅलरी आणि गच्ची येथे उभ्या सळ्यांचा, उभ्या केबलचा किंवा लॅमिनेटेड टफन्ड काचेचा कठडा घ्यावा. आडवी केबल बागेतील कमी उंचीच्या पायऱ्यांशी अथवा फूट-दीड फूट उंचीच्या ओट्याशी वापरावी. कठडा कोणताही असो, त्याला लागून खुर्ची, स्टूल, कुंड्यांचा कट्टा किंवा कुलर ठेवू नये. उंचीचा सारा नियम एका स्टुलामुळे निष्फळ होतो.

खांब कशात रोवला आहे?

कठडा उखडतो तो बहुधा बुंध्यापाशी. फरशी आणि तिच्याखालील मसाल्याच्या थरातच बोल्ट बसवलेला असेल, तर वरून तो कितीही घट्ट दिसला तरी त्यात अर्थ नाही. बोल्ट आतील काँक्रीटच्या स्लॅबमध्ये पुरेसा खोल गेला पाहिजे आणि स्लॅबच्या काठाला फार चिकटून नसावा, अन्यथा काठ फुटतो. विटांच्या जुन्या कठड्यावर टोकाचा खांब बसवायचा असल्यास अभियंत्याचा सल्ला घेतल्याशिवाय काम करू नये. वर सांगितलेली टनभर ओढ विटांचे बांधकाम पेलू शकेलच असे नाही.

गच्चीवर आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. ब्रिकबॅट कोबा आणि जलरोधक थर तयार झाल्यावर त्यात ड्रिलने भोके पाडली, तर पहिल्याच पावसात खालच्या खोलीचे छत पाझरते. दोष कोब्याचा की कठड्याचा, यावर मग दोन कंत्राटदार एकमेकांकडे बोट दाखवतात. यास्तव खांबांच्या जागा आधीच निश्चित करून तळपट्ट्या जलरोधक कामाच्या अगोदर बसवाव्यात किंवा खांब स्लॅबच्या बाहेरील उभ्या बाजूस बसवावेत. सदनिकाधारकांनी दर्शनी भागात बदल करण्यापूर्वी सोसायटीची लेखी संमती घ्यावी.

जोडकामातही धातू बिघडू शकतो. आर्गन वेल्डिंगनंतर सांध्याशी निळसर-काळा पट्टा उमटतो. तो विशेष लेप लावून पूर्ण काढला आणि मग पॉलिश केले, तरच संरक्षक थर पुन्हा नीट तयार होतो. साध्या लोखंडावर वापरलेली ग्राइंडरची चकती किंवा तारेचा ब्रश स्टेनलेस स्टीलवर वापरल्यास लोखंडाचे कण त्यात रुततात आणि आठवड्याभरात गंजाचे ठिपके दिसू लागतात. फरशी बसवल्यानंतर ती आम्लाने धुण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्या आम्लाची वाफसुद्धा नव्या कठड्यावर डाग पाडते. म्हणून फरशीची धुलाई आधी आणि कठडा नंतर, असा क्रम ठेवावा.

दर आणि खरी किंमत

रनिंग फुटाच्या एका आकड्यात बऱ्याच गोष्टी दडलेल्या असतात. उदाहरणार्थ, ५०.८ मिलिमीटर म्हणजे दोन इंची पाइपची जाडी १६ गेज, म्हणजे १.६ मिलिमीटर असेल तर त्याचे वजन मीटरला सुमारे १.९६ किलो भरते. १८ गेज म्हणजे १.२ मिलिमीटर असेल तर १.४८ किलो. बाहेरून दोन्ही पाइप सारखेच दिसतात, पण दुसऱ्यात जवळजवळ एक चतुर्थांश धातू कमी असतो. पाइप वजन करून घेतल्यास ही तफावत लगेच उघड होते. टोकांना झाकणे बसल्यानंतर मात्र ती कळत नाही.

स्वस्त आणि महाग यांची तुलना वार्षिक खर्चावर करावी. समजा, किनाऱ्याजवळील घरासाठी हलक्या जातीचा कठडा ४८,००० रुपयांत होतो आणि सहा वर्षांत बदलावा लागतो. योग्य जातीचा कठडा ७२,००० रुपयांत होतो आणि अठरा वर्षे टिकतो. पहिल्याचा वार्षिक खर्च ८,००० रुपये, दुसऱ्याचा ४,००० रुपये. जादा गुंतवलेल्या २४,००० रुपयांवर द.सा.द.शे. ९ टक्के व्याज धरले, तरी ते वर्षाला २,१६० रुपये होते. म्हणजे बचत उरतेच. जुना कठडा काढण्याचा, पुन्हा भोके पाडण्याचा आणि गळती दुरुस्तीचा खर्च यात धरलेलाच नाही. हे आकडे केवळ हिशोबाची रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्याकडील कोटेशनचे आकडे घालून हाच हिशोब करावा. घराचे अंदाजपत्रक तयार करतानाच कठड्याची रक्कम स्वतंत्रपणे दाखवली, तर ती अखेरच्या टप्प्यात इतरत्र खर्ची पडत नाही आणि कर्जाची गरजही वेळीच लक्षात येते.

कोटेशनमध्ये पुढील बाबी लेखी असाव्यात :
• पाइप, केबल आणि जोडसामान यांची जात, प्रत्येकाची स्वतंत्र.
• पाइपचा व्यास व जाडी मिलिमीटरमध्ये. केबलची जाडी व रचना.
• उंची, केबलमधील अंतर, खांबांमधील अंतर.
• बोल्टचा प्रकार, ते कशात बसणार आणि गळतीची जबाबदारी कोणाची.
• वेल्डिंगनंतरची सफाई व पॉलिश.
• मोजमापाची पद्धत, कर, वाहतूक, हमीचा कालावधी.

जातीचा उल्लेख अंतिम पावतीवरही असावा. ‘एस. एस. रेलिंग’ एवढेच लिहिलेल्या पावतीवरून पुढे तक्रार सिद्ध करणे अवघड जाते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने ग्राहकाला दाद मागण्याचा हक्क दिला आहे. त्या हक्काला कागदाचे बळ लागते. रक्कम धनादेशाने किंवा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने, टप्प्याटप्प्याने द्यावी आणि पहिला पावसाळा पार पडेपर्यंत थोडी रक्कम राखून ठेवण्याची अट आधीच ठरवून घ्यावी.

देखभाल

स्टेनलेस स्टीलला देखभाल लागत नाही, हा समज खरा नाही. ती कमी लागते, इतकेच. किनारपट्टीवर महिन्यातून एकदा आणि अन्यत्र दोन-तीन महिन्यांतून एकदा कठडा साध्या पाण्याने व सौम्य साबणाने धुऊन मऊ फडक्याने पुसावा. छपराखालील भाग अधिक वेळा धुवावा. तारेची घासणी, विरंजक चूर्ण व फरशीचे आम्ल वापरू नये. पावसाळ्यापूर्वी केबलचा ताण, बुंध्याचे बोल्ट आणि टोकाचे जोड तपासावेत. केबलवर ओले कपडे, गाद्या किंवा जड कुंड्या टांगू नयेत. एखादी तार तुटून बाहेर आलेली दिसली तर ती पूर्ण केबल बदलावी.

घराच्या कागदपत्रांत खरेदीखत, नकाशा आणि कर्जाचा करार जपून ठेवले जातात. त्याच फाइलमध्ये कठड्याची पावती व धातूचे चाचणी प्रमाणपत्र ठेवावे. काम ताब्यात घेण्यापूर्वी, दोन सशक्त माणसांनी सावधपणे, आतील बाजूस उभे राहून प्रत्येक खांब हाताने जोर लावून हलवून पाहावा. खांब हलला किंवा बुंध्याशी फरशी कुरकुरली, तर शेवटचे देयक तेथेच थांबवावे आणि दुरुस्ती झाल्यावरच ते चुकते करावे.